एकाच अक्षरातल्या चिठ्ठ्या

त्या सकाळी बीडमधल्या एका छोट्या सभागृहात मी बावीस खुर्च्या गोलात मांडल्या. माणसे एकवीसच येणार होती. बाविसावी खुर्ची रिकामी ठेवायची, ही आमच्या मेळाव्याची जुनी रीत आहे. त्या दिवशी मात्र तिच्यावर कोण बसणार हे मी आधीच ठरवले होते, आणि ते माझ्याखेरीज केवळ एका बाईला ठाऊक होते. खुर्च्या मांडताना मी गुणगुणत होतो. आनंद झाला म्हणून गुणगुणण्याची सवय मला कधीच नव्हती. तो आनंद कोणत्या जातीचा होता, ते आता सांगतो.

आमच्या कामाला मराठीत नेमके नाव नाही. आम्ही त्याला संस्था-विकास म्हणतो. साखर कारखाना, पतसंस्था, दूध संस्था, शाळा, जिथे माणसे एकत्र काम करतात आणि कुठेतरी अडतात, तिथे जायचे, प्रत्येकाचे ऐकून घ्यायचे आणि त्यांना एकमेकांचे ऐकू येईल अशी व्यवस्था करायची. असे काम करणारे आम्ही काही जण वर्षातून एकदा जमतो. कुणी प्राध्यापक, कुणी कारखान्यातला कार्मिक अधिकारी, कुणी सहकार खात्यातून निवृत्त झालेला. मेळाव्याचे यजमानपद दर वर्षी फिरते आणि त्या वर्षी ते माझ्याकडे होते.

रिकाम्या खुर्चीची रीत सरांनी सुरू केली. सर म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो ते. ते म्हणत, "आपण ज्यांच्याविषयी बोलतो ती माणसं इथे कधी नसतात. निदान त्यांची जागा तरी दिसू दे." इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर कुणी बसले नव्हते. एकदा एका प्राध्यापकाने तिच्यावर पिशवी ठेवली, तेव्हा सरांनी त्याला सर्वांदेखत ती उचलायला लावली होती.

दुसरी रीत पहिल्या सत्राची. त्यात एका अनुभवी माणसाने आपले फसलेले काम सांगायचे. बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. नवीन माणसे असतील त्या वर्षी हे सत्र सरच घेत, आणि नवीन माणसे दर वर्षी असत. सर प्रत्येक वेळी तीच गोष्ट सांगत. त्या गोष्टीतला मूर्ख तरुण मी होतो.

गोष्ट अशी होती. दुष्काळाचे वर्ष होते. वडवणी तालुक्यातल्या एका गावची सहकारी दूध संस्था मोडकळीला आली होती आणि तिच्या कारभारात लक्ष घालायला सर आणि मी गेलो होतो. सभासदांनी मनातले बोलावे म्हणून मी त्यांना चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. नाव घालू नका, कुणी काय लिहिले ते कुणालाही कळणार नाही, असे आश्वासन दिले. पण त्या बैठकीत आलेल्यांपैकी लिहिण्याचा सराव एकीलाच होता. मधल्या आळीतली बारावी शिकलेली सून. जो तो तिच्याकडे जाऊन तिच्या कानात सांगू लागला आणि ती लिहू लागली. सगळ्या चिठ्ठ्या एकाच अक्षरात आल्या. चेअरमनना ते कळले आणि त्यांनी सगळ्या तक्रारी तिच्या एकटीच्या नावावर धरल्या. दुसऱ्या दिवसापासून तिच्या घरचे दूध परत जाऊ लागले. फॅट लागत नाही, वास येतो, असे काहीतरी कारण रोज मिळे. चारा छावणीही चेअरमनांचीच होती. तिथे तिच्या जनावरांना दावणीला जागा नव्हती. महिन्याभरात जनावरे बाजारात गेली, आणि ज्या घरातून आजवर कुणी ऊस तोडायला गेले नव्हते त्या घरातली माणसे त्या हंगामात टोळीबरोबर गेली.

सर ही गोष्ट अतिशय सुंदर सांगत. बोलण्याआधी मनगटावरचे घड्याळ काढून समोर ठेवायचे, थोडे थांबायचे, आणि मग "माझ्या एका तरुण सहकाऱ्याने" अशी सुरुवात. ते माझे नाव कधीच घेत नसत. त्याची गरजही नव्हती, कारण त्या शब्दांवर अर्धा गोल माझ्याकडे वळून पाही. परळीकडच्या एका साखर कारखान्यातला कार्मिक अधिकारी, स्वभावाने चांगला माणूस, मला मोठ्याने म्हणे, "चिठ्ठीवाले, ऐका बरं का!" सगळे हसत. मीही हसे. माझ्या हसण्याचे लोकांना कौतुक वाटे. किती मोकळ्या मनाचा माणूस आहे, असे एकदा एका बाईंनी माझ्याविषयी म्हटलेले मी ऐकले होते.

मोकळ्या मनाचा मी नव्हतो. सर त्या गोष्टीत एक गोष्ट गाळत असत. चेअरमननी "काय म्हणत्यात लोक, दावा तरी" असे विचारले, तेव्हा चिठ्ठ्यांची चळत माझ्या हातातून घेऊन त्यांच्या टेबलावर ठेवली ती सरांनी. चिठ्ठ्या कुणालाही दाखवायच्या नाहीत, हा नियम मला शिकवला होता तोही त्यांनीच. दर वर्षी मी वाट पाही, की या वर्षी ते टेबल गोष्टीत येईल. ते कधी आले नाही.

सूड घ्यायचा तर मोठा घ्यावा, अशी धमक माझ्यात नव्हती. म्हणून मी वर्षानुवर्षे लहान लहान घेत राहिलो. सरांना बिनसाखरेचा चहा लागतो, हे मी एका मेळाव्यात सोयीस्करपणे विसरलो. त्यांच्या तक्त्यावरची शुद्धलेखनाची चूक मी लाल पेनने सुधारली, तीही दारातून आत येताना दिसेल अशा ठिकाणी. त्यांच्या सत्कारासाठी शाल आणायचे काम आले, तेव्हा अंगाला टोचेल अशी शाल निवडून आणली आणि दोन तास ती त्यांच्या खांद्यावर पाहत बसलो. माझा आवाज हळू आहे, मी कुणाला अरे-तुरे करत नाही. अशा माणसाकडे ही कामे करायला पुष्कळ वाव असतो.

यजमानपद माझ्याकडे आले, त्याच वर्षी ती बाई मला सापडली. मेळाव्याच्या जेवणाची व्यवस्था पाहायला मी शिकवणी वर्गांच्या गल्लीत हिंडत होतो. तिथे विद्यार्थ्यांच्या खानावळी ओळीने आहेत. एका दाराशी फळा टांगलेला होता आणि त्यावर खडूने लिहिले होते: मेथी, वरण, ज्वारीची भाकरी, ठेचा. मी ते वाचले आणि पुन्हा वाचले. वेलांट्या अशा गोल, आणि शिरोरेषा अशी सरळ, की पट्टी ठेवून ओढल्यासारखी. हे अक्षर मी विसरणे शक्य नव्हते.

आतून आवाज आला. "बारके सर ना तुमी?"

त्या गावात सर होते मोठे सर आणि मी बारके सर. चौपन्नाव्या वर्षी मला पुन्हा त्या नावाने कुणी हाक मारत होते.

"ओळखलंत?" मी विचारले.

"न वळखायला काय झालं? केस गेले, पन वाचताना मान तशीच वाकडी करताव." तिने पिठाचे हात परातीवर झटकले. "बसा. पोरं एक वाजल्यावर येत्यात."

मी मेळाव्याविषयी सांगितले. बावीस ताटे लागतील म्हणालो.

"करत्यात काय तिथं?"

"संस्था चांगल्या कशा चालतील, यावर बोलतात."

"कुनाच्या?"

"सगळ्यांच्या."

"आन् ज्यांच्या हायत त्यान्ला ठावं असतंय का?"

मी हसलो. मग मनात कधीचे तयार होते ते बोललो. मोठे सर येणार आहेत, ते दर वर्षी तुमची गोष्ट सांगतात, आणि चिठ्ठ्या टेबलावर त्यांनी स्वतः ठेवल्या हे तेवढे गाळतात. तुम्ही या, रिकाम्या खुर्चीवर बसा आणि जे झाले ते सांगा. हे सांगताना मी पुढे झुकलो होतो, हे मला नंतर जाणवले.

"तुमाला कावून पायजे हे?"

"खरं बाहेर यावं म्हणून."

"हां," ती म्हणाली. त्या "हां"मध्ये विश्वासाचा लवलेशही नव्हता. "डबे घिऊन येनारच हाय, तवा बसते घटकाभर. पन मला ठावं हाय ते समदं सांगनार. निम्मं न्हाई."

"सगळं सांगा," मी म्हणालो.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या दिवशी चेअरमनांच्या खोलीत आणखी काय बोलले गेले, ते मला आठवत नव्हते, असे लिहिण्याचा मोह होतो. ते खोटे ठरेल. मला ते आठवत होते. पण तेव्हा खोलीत आम्ही तिघेच होतो, असे मी धरून चाललो होतो.

मेळाव्याच्या दिवशी सर वेळेच्या आधी आले. आता ते खूप थकले होते. गोलात बसल्यावर त्यांनी डाव्या कानावर हात धरून आवाजाचा अंदाज घेतला. ओळख करून घेण्याचा खेळ सुरू झाला. लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायचा, नाव सांगायचे, धागा धरून ठेवायचा, म्हणजे शेवटी सगळे एका जाळ्यात आले हे दिसते. मागच्या दाराशी खानावळीतल्या दोन बाया डबे उतरवत होत्या.

"अगं बग की, येवढी येवढी मान्सं लोकरीचा गुंडा खेळायलीत!"

"गप. पगारी खेळ असंल त्यांचा."

"मंग मला बी घे म्हनावं. रोज भाकरी थापून हात मोडलेत."

ती स्वतः त्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभी होती. हसत नव्हती.

पहिले सत्र सुरू झाले. सरांनी घड्याळ काढून समोर ठेवले, थोडे थांबले, आणि म्हणाले, "माझ्या एका तरुण सहकाऱ्याने..." गोल वळला. कार्मिक अधिकारी म्हणाला, "चिठ्ठीवाले, ऐका बरं का!" मी हसलो, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते हसू खरे होते. सरांचा प्रत्येक शब्द मी भुकेल्या माणसासारखा ऐकत होतो. बोलू दे, अजून बोलू दे, जितके उंच जातील तितके चांगले, असे माझ्या मनात चालले होते. त्यांनी नेहमीच्या जागी आवाज हळू केला. नेहमीच्या जागी टेबल गाळले. "आपला एक निष्काळजी क्षण दुसऱ्याचं घर उठवू शकतो," हे नेहमीचे वाक्य म्हणून त्यांनी घड्याळ पुन्हा मनगटावर चढवले.

मी मागच्या दाराकडे पाहून मान हलवली.

ती पदराला हात पुसत आली आणि रिकाम्या खुर्चीवर बसली. कुणीतरी घाईने म्हणाले, "बाई, जेवण साडेबाराला आहे, अजून—"

"जेवन झालेलं हाय. मी बोलाया आलेय."

सर पुढे झुकले. "आपण?"

"ती चिठ्ठीवाली," ती म्हणाली.

मी आजवर त्या नावाचा मालक स्वतःलाच समजत आलो होतो. गावात ते नाव तिला चिकटले असेल, हे मला कधी सुचले नव्हते.

ती शांतपणे सांगू लागली. "समद्यांनी मला धरलं. लिव्ह गं सूनबाई, माझं बी लिव्ह. सतरा मान्सांच्या सतरा लिव्हल्या, आन् अठरावी माझी. कुनी म्हनलं फॅट कमी दावत्यात, कुनी म्हनलं पेंड भावकीतच वाटत्यात. मी आपलं लिव्हत गेले. नाव न्हाई घालायचं म्हनलं तवा न्हाई घातलं. मंग मोठ्या सरांनी कागद उचलले आन् चेअरमनच्या टेबलावर ठिवले. कुनाला दावू नगा असं त्यांनीच सांगितलेलं."

कुणी खुर्चीत हलले. एकोणीस माणसे सरांकडे पाहत होती. ज्या क्षणासाठी मी इतकी वर्षे जगलो, असे म्हणायला हरकत नाही, तो क्षण समोर आला होता. सरांचा चेहरा खाली गेला, हनुवटी छातीला लागली, आणि माझ्या आत सगळे गार गार झाले. उन्हातून आल्यावर माठातले पाणी प्यावे तसे. ते सुख मी नाकारणार नाही.

"पन," ती म्हणाली, "मोठ्या सरांनी नुसते कागद ठिवले. त्यावरनं चेअरमनला काय कळनार हुतं? अक्षराकडं त्याचं ध्यान नव्हतं, त्याला वाटलं सतरा-अठरा मान्सं हायत. त्यो भ्याला हुता. मी बगितलं. मी पलीकडं पत्र्याआड कॅन धूत हुते. तवा हे बारके सर म्हनले," आणि तिने माझा तेव्हाचा आवाज काढला, तरुण, उत्साही आणि गोड, "अक्षर बघा साहेब, किती सुंदर! सगळ्या एकाच ताईंनी लिहून दिल्यात, मधल्या आळीतल्या सूनबाईंनी. अशी माणसं संस्थेत पुढं आणा."

ती माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता. "मला लई बरं वाटलं तवा. माझ्या अक्षराला आदी कुनी चांगलं म्हनलं नव्हतं. मी हसले बी पत्र्याआड."

आता एकोणीस माणसे माझ्याकडे पाहत होती.

नियम प्रश्नांचा होता, आणि एका नवीन मुलीने तो पाळला. पुण्याहून आलेली, पहिलाच मेळावा. तिने सरांना विचारले, "सर, यांनी तसं म्हटलं हे तुम्हाला माहीत होतं?"

"मी तिथेच होतो," सर म्हणाले.

"मग इतकी वर्षं गोष्टीत का आलं नाही?"

सरांनी घड्याळाचा पट्टा सैल करून पुन्हा आवळला. "त्याचं बोलणं सांगितलं असतं, तर ते कागद टेबलावर कसे आले, हेही कुणीतरी विचारलं असतं."

म्हणजे त्यांचे गाळणे माझ्या गाळण्यावर टेकलेले होते, आणि माझे त्यांच्यावर. मला वाचवण्यासाठी ते गप्प राहिले असावेत, अशी आशा मी त्या अर्ध्या मिनिटात करून पाहिली होती. तीही राहिली नाही.

त्या मुलीने मग तिला विचारले, "आणि तुमची स्वतःची चिठ्ठी? अठरावी? ती काय होती?"

तिला इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नसावा. ती क्षणभर गोंधळली. "माझी? मिटिंग धारंच्या वक्ताला घिऊ नगा, येवढंच लिव्हलं हुतं."

आमच्यापैकी एकाने सवयीने उठून तक्त्यावर मार्करने 'गोपनीयता' असा शब्द लिहायला घेतला. ती त्याच्यावर एकदम कडाडली.

"लिव्हू नगा! लिव्हून काय हुतंय ते बगितलंय मी. हितं तुमचीच मान्सं, तुमीच बोलनार, तुमीच ऐकनार. माझ्या गावात कुनाला ऐकू येनार? माझी सासू आजून म्हनती, हिच्या लिव्हन्यानं जनावरं गेली. ज्या सतरा मान्सांनी कानात सांगितलं, ती समदी गप. एक बी पुढं आलं न्हाई." तिने आमच्या दोघांकडे बोट केले. "तुमी दोघं चला गावात. डेअरीम्होरं, दूध घालायच्या वक्ताला. तिथं बोला काय बोलायचं ते. तवा मी म्हनन खरं."

"येतो," सर म्हणाले.

ते नाही म्हणतील, अशी मला आशा होती. ते नाही म्हणाले असते तर मी एकटा गेलो असतो आणि त्या एकटेपणात थोडा मोठा झालो असतो. आता मलाही "येतो" म्हणावे लागले, आणि तेही त्यांच्यानंतर. मग तिने उठून बायांना हाक मारली आणि आम्हाला जेवायला वाढले. सरांच्या ताटात आणि माझ्या ताटात तिने इतरांइतकेच वाढले. त्या दिवशी तिची भाकरी मला गिळवली नाही. सर मात्र सगळे जेवले, आणि त्याचाही मला राग आला.

पंधरा-वीस दिवसांनी, चैत्रात, आम्ही गेलो. वडवणीपर्यंत एसटी आणि पुढे ऑटो. ती सकाळीच गेली होती. सहकारी दूध संस्था पुढच्या एका दुष्काळात बंद पडली होती. त्याच खोलीत आता एका खासगी कंपनीचे संकलन केंद्र होते, पण भिंतीवरच्या नव्या रंगाखालून जुनी अक्षरे अजून वाचता येत होती. चेअरमन वारले होते. रांग तशीच होती. किटल्या, कॅन, प्लास्टिकच्या बरण्या, आणि त्या सगळ्यांच्या मागे सायकलला हात टेकून उभी असलेली माणसे. समोरच्या ओट्यावर तिची सासू किटली मांडीशी घेऊन बसली होती. त्यांच्या दावणीला पुन्हा एक म्हैस आली होती.

सर रांगेपुढे उभे राहिले. त्यांनी घड्याळ काढले नाही, कारण ठेवायला जागा नव्हती.

"मला ओळखणारे इथे थोडे असतील," ते म्हणाले. "त्या दुष्काळात इथे चिठ्ठ्या लिहून घेतल्या. त्या या ताईंच्या नव्हत्या, तुमच्या होत्या. त्यांनी फक्त लिहून दिल्या. त्या चेअरमनना दाखवल्या मी. सगळी चूक माझी आहे." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "या मुलाची नाही. तो माझ्या हाताखाली होता. मी सांगेन तसं करत होता."

या मुलाची. चौपन्न वर्षांच्या माणसाविषयी. इतकी वर्षे त्यांनी भर सभेत माझ्या चुकीची गोष्ट केली, आणि आता, जिथे ती चूक मोजली जाणार होती, तिथे ती माझ्याकडून काढून घेत होते. उदार झाले होते. लोक त्यांच्याकडे आदराने पाहू लागले होते. मी गप्प राहिलो असतो तर सुटलो असतो. मी बोललो, आणि ज्या कारणासाठी बोललो ते आता मला नीट दिसते. पश्चात्ताप माझ्यात होता, नव्हता असे नाही. पण तोंड उघडवले ते पश्चात्तापाने नव्हे. या माणसाला अपराधसुद्धा पूर्ण मिळू द्यायचा नाही, एवढ्याच हट्टाने मी ओरडलो.

"खोटं आहे! हे खोटं बोलतायत. नाव मी सांगितलं. चेअरमनना कळलं ते माझ्यामुळे. मी यांचं अक्षर दाखवलं, यांची आळी सांगितली. मला कुणी सांगायला लावलं नव्हतं."

"तू शांत हो," सर म्हणाले. "जबाबदारी माझी होती."

"जबाबदारी तुमची असेल. चूक माझी आहे!"

रांगेत कुणीतरी विचारले, "आरं, हे दोघं भांडायलेत कावून?"

"चूक माझी हाय म्हनून."

"दोघं बी तेच म्हनायलेत?"

"हां."

"मंग घ्या म्हनावं निम्मी निम्मी, दूध नासायलंय हितं!"

हशा पिकला. मलाही मान खाली घालावी लागली. तो हशा ओसरत असताना ओट्यावरून सासूबाईंनी विचारले, "मंग हिची चिठ्ठी कोनती व्हती?"

सुनेने त्यांच्याकडे न पाहता सांगितले, "मिटिंग धारंच्या वक्ताला घिऊ नगा."

म्हातारी थोडा वेळ किटलीच्या झाकणाशी चाळा करत राहिली. "आता गं बया," ती म्हणाली, "ते तर मी म्हनले व्हते तुला."

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने घसा खाकरला. "पेंडीचं मी सांगितलं हुतं. खोटं कावून बोलू?" त्याच्यामागून कुणी म्हणाले, "फॅटचं माझं." तिसरे कुणी बोलले नाही. सासूबाई उठल्या, किटली सुनेच्या हातात दिली आणि रांगेकडे हात केला. तिने ती घेतली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. आमच्याकडे तिने पुन्हा पाहिले नाही. आमचे काम झाले होते.

परतीच्या एसटीत एकच बाक रिकामा होता. "सर, तुम्ही खिडकीशी बसा," मी म्हणालो.

"आभारी आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "बरं बोललास तू."

बीडपर्यंत मावळतीचे ऊन त्या बाजूच्या खिडकीतून आत येते, हे मला खिडकी देतानाच ठाऊक होते. त्या वाटेने मी पुष्कळदा गेलो आहे. सर डोळे मिटून, तोंड थोडे फिरवून बसले होते. तक्रार करण्याचा त्यांचा स्वभाव नाही. अर्ध्या वाटेवर मी माझी पिशवी उचलून काचेला लावून धरली, आणि सावली त्यांच्या चेहऱ्यावर पडली. त्याआधीची अर्धी वाट ती पिशवी माझ्या मांडीवरच होती.